समाजकंटकांचं पार्सल

जगात कुठेही धर्माच्या नावावर काही वाईट घडलं, की त्याची जबाबदारी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसने पार्सल होऊन उमरदरीला येते.

हे पूर्वीपासून असंच आहे. पार्सल गोणपाटात शिवलेलं असतं, हाताला कोमट लागतं, आणि त्याचं वजन घडलेल्या गोष्टीवर ठरतं. साधी दगडफेक असली तर एक माणूस काखोटीला मारून नेतो. स्फोट असला तर हातगाडी लागते. आत काय असतं ते कुणी पाहिलेलं नाही. ज्याच्या नावावर पार्सल आलं त्याने ते स्टँडवरून सोडवून घरात ठेवायचं आणि शनिवारी वाचनालयाच्या वादसभेत उभं राहून घडल्या गोष्टीचा निषेध करायचा. सभेला निषेध मनापासूनचा वाटला तर पार्सल थोडं हलकं होतं. एखादं पुरतं नाहीसं झाल्याचं मात्र ऐकिवात नाही.

गावात मुसलमानांची घरं मोजकी. त्यांतलं स्टँडला सगळ्यांत जवळचं घर मुनीर तांबोळीचं, म्हणून पार्सलं त्याच्याकडे जात. मुनीरचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान होतं. शांत माणूस. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना तो स्वतः श्वास रोखून धरायचा. त्याची बाहेरची खोली पार्सलांनी भरली होती. त्याची बायको शमीम त्यांच्यावर चादरी घालायची आणि आल्यागेल्याला त्यावरच बसवायची.

वादसभेच्या अध्यक्ष होत्या खर्चेबाई. हायस्कुलात त्यांनी अर्ध्या गावाला इतिहास शिकवला होता, मुनीरलाही. बाईंचा आवाज आणि स्मरणशक्ती दोन्ही शाबूत होती, त्यामुळे सभा त्यांच्या धाकात चाले.

"मुनीर, ऊठ," बाई म्हणत. "कालची बातमी वाचलीस?"

"वाचली, बाई."

"निषेध करतोस?"

"करतो."

"मागच्या वेळी 'तीव्र' म्हणाला होता," बाईंचा भाचा सुहास बाकावरून म्हणायचा. तो बाईंकडेच राहत असे आणि सभेतलं कुणाचंही बोलणं विसरत नसे. "आज नुसताच करतो म्हणतोय. तीव्र का गेलं?"

मग मुनीर तीव्र निषेध करायचा. एकदा पार्सल अशा देशातून आलं होतं, की तिथल्या गावाचं नावच त्याला उच्चारता येईना. बाईंनी नकाशा मागवला, गाव दाखवलं, नाव तीनतीनदा म्हणवून घेतलं, आणि मगच निषेध नोंदवला गेला. बाई पक्षपाती होत्या असं कुणी म्हणणार नाही. चुकीचा उच्चार त्यांनी कुणाचाच खपवून घेतला नव्हता.

अशात मुनीरची अम्मी कासारीला लेकीकडे गेली असताना न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता जिना चढणं नाही. खाली मोकळ्या खोलीत कॉट टाका आणि चालायचा घोडा, म्हणजे वॉकर, धरून रोज चालवा. मुनीरच्या घरी खाली एकच खोली होती.

तो पार्सल ऑफिसात मोहित्यांकडे गेला. "जुनी पार्सलं थोडे दिवस इकडे ठेवता येतील का? आई यायचीय."

"ठेवली असती हो, पण जागा कुठाय?" मोहित्यांनी मागच्या गोदामाचं शटर वर केलं. आत छतापर्यंत गोणपाट. दारातून आत पाऊल टाकायला वाव नव्हता, आणि भट्टीसमोर उभं राहावं तशी धग येत होती.

"ही कुणाची?"

"समाजकंटकांची."

"म्हणजे?"

"आमच्याकडच्या लोकांनी काही केलं, की पार्सलावर 'काही समाजकंटक' असं लिहून येतं. कधी 'माथेफिरू', कधी 'भावना दुखावलेले तरुण'. आता समाजकंटक राहतात कुठे, हे मी कुणाला विचारू? त्यांना नातेवाईक नसतात, शेजारी नसतात, आळी नसते. राहतं पडून."

"आणि माझ्यावर काय लिहिलेलं असतं?"

"तुमचं नाव असतं की," मोहिते आदराने म्हणाले. "पत्ता अगदी चोख. तुमच्या बाबतीत आम्हाला कधी त्रास झाला नाही."

त्या शनिवारी निषेध झाल्यावर मुनीर खाली बसला नाही. त्याने गोदामाचा विषय काढला. बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि प्रामाणिकपणे विचार करून उत्तर दिलं.

"मुनीर, ती माणसं आमची नव्हेतच. ज्याला धर्म कळलाय तो असलं काही करणारच नाही."

"माझ्याकडे येतात तीही माझी नव्हेत, बाई."

"तुमच्यात तो नियम आहे," सुहास म्हणाला, "आमच्यात अपवाद."

"अपवाद गोदामात मावेनासे झालेत."

गलका झाला. कुणी म्हणालं, आधी तुमच्या लोकांचं बोला. कुणी म्हणालं, बोलतोच आहे की तो दर शनिवारी. मुनीरचाही तोल गेला. "कासारीला जाऊन बघा," तो ओरडला. "तिथे आमची वस्ती आहे. मधोमध एकटे पोतदार सोनार राहतात. आहे का त्यांच्या दारात एक तरी पार्सल? आमच्याकडे असा दुजाभाव नाही!"

सभा तिथेच संपली.

अम्मीला आणायला तो कासारीला गेला. बहिणीचा नवरा लतीफ याच्या घरासमोरच पोतदारांचं घर. मुनीर पोचला तेव्हा पोतदार सायकलला बांधलेलं काहीतरी ओसरीवर उतरवत होते. म्हातारा माणूस, धाप लागली होती. मुनीरने धावत जाऊन हात दिला. गोणपाट कोमट होतं.

"काका, हे कसलं?"

"नेहमीचं रे," पोतदार म्हणाले. "कुठे मिरवणुकीत काही झालंय म्हणे. शुक्रवारी चौकात निषेध आहे माझा. यायचं असलं तर ये."

ओसरीभर पार्सलं होती, सतरंज्या घालून झाकलेली. दर ईदला मुनीर त्यांच्यावरच बसून पोतदारकाकांशी गप्पा मारत आला होता. सोनाराच्या घरची बैठक गुबगुबीत असायचीच, असं त्याला वाटे.

"त्यांच्या लोकांनी केलं, तेच घेणार ना," जेवताना लतीफ म्हणाला. "आपण काही त्यांना त्रास देत नाही. फक्त विचारतो, निषेध करता का म्हणून."

"आणि आपल्या लोकांनी केलेलं?"

"ते बाहेरून आलेले असतात. आपल्यातलं कोण असं करेल?"

"त्यांची पार्सलं कुठे जातात?"

"बाहेरचं बाहेर. जेव तू."

मुनीर जेवला नाही. तो कासारीच्या स्टँडवर गेला. तिथलं गोदाम उमरदरीइतकं मोठं नव्हतं, पण भरलेलं होतं. शटरच्या आत, अगदी समोर, एक मध्यम आकाराचं पार्सल होतं. त्यावर लिहिलं होतं, 'बाहेरचे'.

"हे मी नेतो," मुनीर म्हणाला.

खिडकीतल्या बाबूने त्याला आपादमस्तक पाहिलं. "तुम्ही यांचे कोण?"

"कोणी नाही."

"मग कसं देता येईल?"

"पोतदारकाकांच्या घरी जी येतात, त्यांचे ते कोण लागतात?"

बाबूने रजिस्टर पुढे सरकवलं. मग म्हणाला, "सही करा."

परतीच्या जीपमध्ये पार्सल अम्मीच्या पायाशी ठेवलं होतं. थोड्या वेळाने तिने दुखरा पाय त्याच्यावर टेकवला. "ऊबदार आहे रे," ती म्हणाली. "शेकायला बरं. कुणाचंय?"

"आपलंच, अम्मी."

"मग पोरीकडे कशाला पडलं होतं?"

घरी खोलीत कॉट मावली नाही. शमीमने स्वयंपाकघरात, चुलीच्या ओट्याला लागून गादी घातली. अम्मीला चालायला जागा नव्हती. ती बसल्या जागी पाय हलवायची आणि मुलाला बरं वाटावं म्हणून "फरक पडतोय" म्हणायची.

बाई तिला भेटायला आल्या. मेतकूट घालून मऊ भात आणला होता. भांडण सभेतलं, आजारपण घरातलं. उमरदरीत ही दोन्ही वेगळी ठेवायची पद्धत आहे. बाईंनी अम्मीच्या पायाखालचं पार्सल पाहिलं. त्यांची नजर तीक्ष्ण होती.

"हे नवीन दिसतंय. याचा निषेध झालेला नाही."

"तुमच्याकडे व्हायचा नाही, बाई. कासारीचं आहे. माझ्या नावावर नव्हतं."

"मग?"

"मी सभेत खोटं बोललो होतो," मुनीर म्हणाला. "म्हणजे, मला माहीत नव्हतं. पोतदारकाकांची ओसरी भरलीय. माझी खोली भरलीय तशीच. आमचं गोदामही भरलंय. म्हणून त्यातलं एक आणलं."

"तू केलंस का ते?"

"नाही."

"कुणी केलं ते तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तर्काला धरून नाही हे," बाई म्हणाल्या. त्यांनी भाताचं भांडं शमीमच्या हातात दिलं, अम्मीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि निघाल्या. दारातल्या अरुंद वाटेतून जाताना त्यांचं लुगडं गोणपाटाला अडकलं. ते सोडवायला त्या वाकल्या, आणि मग पार्सलावर हात ठेवून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच त्या मोहित्यांसमोर हजर. "गोदाम उघडा."

मोहित्यांनी उघडलं. बाईंनी कडेचं एक लहानसं पार्सल निवडलं. उचललं तर उचलेना.

"एवढंसं आणि इतकं जड? कशाचं आहे?"

"काही तरुणांनी एका म्हाताऱ्याला रस्त्यात अडवून नाव विचारलं," मोहिते म्हणाले. "त्याने सांगितलं. त्याचं."

बाईंनी पार्सल दोन्ही हातांनी दारापर्यंत ओढलं. मग म्हणाल्या, "माझ्या नावावर लिहा."

"बाई, असं करता येत नाही. तुम्ही समाजकंटकांच्या कोण?"

"मी आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवला, मोहिते. यांतलं एखादं माझ्या वर्गात बसलेलं असेल."

मोहिते स्वतः त्यांच्याच वर्गात बसलेले होते. त्यांनी नाव लिहिलं.

सुहासने घरात पार्सल पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. "मावशी, हे इथे नको."

"मग कुठे ठेवू?"

"होतं तिथे. तुला कळतंय का, लोक काय म्हणतील? आपल्याच लोकांना दोष देतेस!"

"दोष नाही देत. ठेवून घेतलंय फक्त."

सुहासने बॅग भरली आणि मित्राकडे राहायला गेला. बाईंनी त्याला अडवलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी दोघांचा स्वयंपाक केला आणि तो झाकून ठेवला.

शनिवारी सभेत अडचण उभी राहिली. निषेध बाईंना करायचा होता आणि विचारायचंही बाईंनाच होतं. त्यांनी नियमाप्रमाणे केलं. अध्यक्षांच्या खुर्चीत बसून त्या म्हणाल्या, "खर्चे, ऊठ. निषेध करतेस?" मग खुर्चीतून उतरून, मुनीर जिथे उभा राहायचा त्या जागी येऊन म्हणाल्या, "करते." पुन्हा खुर्चीत जाऊन विचारलं, "तीव्र?" पुन्हा खाली आल्या. त्या उभ्या राहिल्या, समोर बसलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि आपल्याकडे इतक्या नजरा लागल्या की कसं वाटतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं. "तीव्र," त्या अगदी हळू म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. काही जण उठून गेले, ते पुढे बाईंशी कधी बोलले नाहीत. एक कापडदुकानदार सोमवारी गोदामापर्यंत गेला, शटरमधून आत डोकावला, आणि तसाच परतला. पोस्टातल्या एका बाईंनी मात्र एक हलकंसं पार्सल नेलं. कासारीचा लतीफ मुनीरचा फोन घेईनासा झाला.

सुहासची खोली रिकामीच होती. बाईंनी एक दिवस हातगाडी पाठवली आणि मुनीरच्या बाहेरच्या खोलीतली भिंतीकडची पार्सलं आपल्याकडे हलवली. मोहित्यांनी हरकत घेतली नाही. नाव मुनीरचंच राहणार होतं, ठेवायची जागा तेवढी बदलत होती. कॉट आली. अम्मी घोडा धरून दारापर्यंत चालली आणि दारात उभी राहून रस्ता बघू लागली.

बाई आणि मुनीर यांचे वाद थांबले नाहीत. उलट वाढले. बाई म्हणत, दोन्ही गोदामं सारखी नाहीत, उमरदरीचं मोठं आहे की कासारीचं हे आधी बघ. मुनीर म्हणे, मोठं कुणाचं हे मोजायला गेलो की उचलायचं राहून जातं. बाई म्हणत, मोजल्याशिवाय इतिहास होत नाही. दुकानात गिऱ्हाइकं चष्म्यासाठी थांबून राहत.

मग एकदा पहिल्या बसने एक भलंमोठं पार्सल आलं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. नाव नाही, समाजकंटक नाही, माथेफिरू नाही. कुठल्याशा बाजारात काहीतरी फार वाईट झालं होतं, आणि कुणी केलं ते अजून कळलं नव्हतं.

सगळं गाव स्टँडवर जमलं. पार्सल फलाटावर मधोमध होतं आणि त्याच्याभोवती मोकळी जागा सोडून माणसं उभी होती. समोरच्या हॉटेलातला टीव्ही मोठ्याने लावला होता. प्रत्येक जण मनातल्या मनात एकच प्रार्थना करत होता, आणि ती सगळ्यांची सारखीच होती: आपला नसू दे. मेले किती, हे अजून कुणी विचारलंही नव्हतं.

बाई आल्या. दुसऱ्या बाजूने मुनीर आला. दुकान अर्धं उघडं टाकून आला होता.

"नाव कळेपर्यंत थांबा," मोहिते म्हणाले. "आता सांगतीलच."

बाईंनी पदर खोचला. "मुनीर, त्या बाजूने धर."

"बाई, तुमची कंबर."

"धर म्हटलं ना."

दोघांनी ते उचललं. माणसांनी वाट दिली. ते फलाटाच्या पायऱ्या उतरले तेव्हा हॉटेलातल्या टीव्हीवर नाव सांगितलं गेलं, आणि मागे गर्दीतल्या अर्ध्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडल्याचा आवाज आला. कुठल्या अर्ध्या, ते वळून पाहिल्याशिवाय कळलं नसतं. पार्सल जड होतं, चढ सुरू होत होता, आणि दोघांचेही हात गुंतले होते.