चार जयवंता आणि एक रिकामा रकाना

शहाण्णव सालची गोष्ट. तेलुगू मुलखातल्या अफझलगंजातला आमचा धर्मादाय दवाखाना नुकताच कॉर्पोरेट झाला होता. म्हणजे दवाखान्याचं हॉस्पिटल झालं, पेशंटचा क्लायंट झाला आणि दारातला पाण्याचा माठ जाऊन तिथं प्लास्टिकचं झाड आलं. मी तिथं आवक-जावक कारकून होतो. आलेला-गेलेला प्रत्येक कागद माझ्या हातून गेला, तेव्हा हे सगळं खरं आहे. जे खरं वाटणार नाही, ते जावक समजा.

हॉस्पिटलशी भागीदारी करू पाहणाऱ्या परदेशी कंपनीनं अट घातली होती, की कर्मचाऱ्यांत विविधता हवी आणि ती टक्क्यांत दिसायला हवी. त्यासाठी पुण्याहून प्रथमेश आपटे नावाचे मनुष्यबळ अधिकारी आले. सज्जन माणूस, झोपेतही टाय सरळ राहत असावा. त्यांनी सर्वसमावेशकता समिती नेमली. समितीनं पहिल्याच बैठकीत ठराव क्रमांक एक मंजूर केला: आडनावावरून माणसाची जात कळते, सबब फॉर्ममधला आडनावाचा रकाना कायमचा रद्द. ठरावाखाली सर्व सदस्यांनी आडनावासकट सह्या केल्या.

फॉर्म घेऊन आपटेसाहेब जनरल वॉर्डात गेले. तिथं जयवंता होती. उदगीरकडची, बावीस वर्षं आयाचं काम करणारी. नवरा वारलेला, राहायला हॉस्पिटलच्या आवारातली एक खोली. नोकरी गेली की खोलीही जाणार, एवढाच तिचा संसार.

"मातृभाषा?" साहेबांनी विचारलं.

"कोणाची? माझी का पेशंटची?"

"तुमची, बाई."

"इथं पहिली सुई टोचली की जो तो आईला हाका मारतो, साहेब. कुणी अम्मा म्हणतं, कुणी अम्मी, कुणी अव्वा. मी सगळ्यांना ओ देते. तुम्हाला जी लागते ती लिवून घ्या."

साहेबांना चारही लागत होत्या. त्यांनी मराठी, तेलुगू, उर्दू, कन्नड असं लिहून घेतलं. पण नव्याकोऱ्या कॉम्प्युटरच्या एका रकान्यात एकच भाषा मावेना. तेव्हा एका जयवंताच्या चार करण्यात आल्या. टक्केवारी अशी काही देखणी निघाली, की परदेशातून अभिनंदनाचा फॅक्स आला. आवक मीच केला.

पुढच्या महिन्यापासून हजेरीही कॉम्प्युटरवर गेली. रोज एक जयवंता हजर, तीन गैरहजर. तिघींना कारणे दाखवा नोटिसा निघाल्या. आवारातल्या आवारात द्यायच्या, म्हणून जावक नोंद नाही. तिन्ही एकाच बाईनं घेतल्या आणि खुलासा तोंडी दिला: "आम्ही चौघी एकाच लुगड्यात येतो, साहेब. गर्दीत दिसत नसू."

खुलासा असमाधानकारक ठरला. तिघी बडतर्फ झाल्या. जयवंता (मराठी) तेवढी उरली आणि तिला लेखी समज मिळाली, की कमी केलेल्या कर्मचाऱ्यांच्या भाषांत तिनं काम करू नये.

मग परदेशी पाहुणे पाहणीला आले. त्या दिवशी झाडून सगळ्या नर्सना एकेका प्रांताचा पोशाख घालून फाटकात उभं केलं होतं. वॉर्डात उरली एकटी जयवंता, आणि करीमनगरकडचा पाय मोडलेला एक म्हातारा. तो सकाळपासून एकच शब्द म्हणत होता, "दाहं... दाहं..."

तेलुगूत दाहं म्हणजे तहान. पण आपटेसाहेब पुण्याचे, मराठी शुद्ध. त्यांनी तत्परतेनं ओळखलं की क्लायंटच्या अंगाचा दाह होतोय. भाजलेल्यांच्या विभागातून मलम मागवलं. म्हाताऱ्याला छातीपासून पायापर्यंत लेप दिला, वर पट्ट्या गुंडाळल्या. जयवंता दोनदा पुढं झाली. साहेबांनी दोन्ही वेळा बोट वर करून समजेची आठवण दिली. पाहुणे आत आले तेव्हा पट्ट्यांच्या गाठोड्यातून फक्त तोंड दिसत होतं, आणि तोंड म्हणत होतं, "दाहं..."

जयवंतानं ग्लास भरला, त्याच्या ओठाला लावला आणि तेलुगूत म्हणाली, "तागु, ताता." पी, आजोबा. म्हातारा तीन ग्लास प्यायला. पाहुण्यांना वाटलं हा स्वागताचा कार्यक्रम. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि फोटो काढला.

संध्याकाळी आरोपपत्र तयार झालं. बडतर्फ जयवंता (तेलुगू) हिचं काम जयवंता (मराठी) हिनं तोतयेगिरी करून केलं. शिक्षा: उरलेली जयवंताही कमी, खोली आठ दिवसांत रिकामी. आदेश माझ्या टेबलावर आला.

मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "साहेब, याची प्रत कामगार कार्यालयात जाते. तिथं पूर्ण नाव लागतं."

जुन्या रजिस्टरात 'जयवंताबाई, आया' एवढंच होतं. आपटेसाहेबांनी तिला बोलावलं.

"बाई, पूर्ण नाव सांगा."

"जयवंता."

"पुढं?"

"पुढचं विचारायचं न्हाई असं तुम्हीच ठरवलंय की. हौ ना, भगवंतराव?" तिनं माझ्याकडं वळून विचारलं.

"ठराव क्रमांक एक," मी म्हणालो.

ठराव रद्द करावा, तर कंपनीनं नेमकी त्याच ठरावासाठी हॉस्पिटलला गौरवाची ढाल दिलेली. समितीच्या सात बैठका झाल्या. सदस्य एकेक करून वॉर्डात जाऊन जयवंताला तिचं गाव, कुलदैवत, घरी मटण शिजतं का, असं सहज विचारून आले. तिनं प्रत्येकाला पाणी दिलं. ते किती जण प्यायले, याची नोंद माझ्याकडे नाही.

मी रिटायर होईपर्यंत आदेश टेबलावर पडून होता आणि जयवंता वॉर्डात होती. आता तुम्ही तोंडावर हसू आणून वाचताय, पण मघापासून तुम्हीही तोच रिकामा रकाना भरायला बघताय. आपटे नसणार, एवढं तर तुम्ही ती वॉर्डात दिसल्याबरोबर ठरवून टाकलंत.