भांगाची शाळा

हासूनाना कुणाला नाव विचारत नसत, गाव विचारत नसत, पगार तर नाहीच नाही. धक्क्याला होडी लागली आणि नवा माणूस उतरू लागला, की त्याचा एक पाय पायरीवर आणि एक होडीत असतानाच नाना विचारत, "तुमाला काय येतं?"

मलाही असंच विचारलं होतं. मी माणदेशातला, नुकताच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेला, समुद्र फक्त नकाशात पाहिलेला. सकाळचा चहा वाटेतच खाडीला अर्पण करून आलो होतो. म्हटलं, "मी शाळेवरचा नवा मास्तर."

"ते जालं," नाना म्हणाले. "पन येतं काय?"

सर्टिफिकेट होतं, पण ते ट्रंकेत तळाशी.

ही पन्नास-साठच्या दशकांमधली गोष्ट. तेव्हा नवी मुंबई नव्हती, जुनीच लोकांना पुरून उरत होती. उरणच्या अलीकडे, खाडीच्या कडेला, आगरी-कोळ्यांचं हे गाव. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला चिखल, आणि मध्ये घरं, सुकट आणि हासूनाना. नाना पूर्वी होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, होते. बायको वारल्यावर होडी भावाला देऊन टाकली आणि धक्क्यावर बसू लागले. अंगात बंडी, डोक्याला लाल रुमाल आणि शेजारी हिरू. ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलताही येत नव्हतं. नाना बोलायला लागले की ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची.

त्या पहिल्या दिवशी नानांनी मला घाम फुटेपर्यंत विचारलं, "आनखी काय येतं? आनखी?" मग हिरूला पुढे केलं. "हिला शिकवाल?"

मी म्हटलं, "नाना, ते वेगळं शास्त्र असतं. मला नाही येत."

"बरां," म्हणाले आणि हिरूला परत शेजारी बसवलं. ते 'बरां' मला लागलं. पण लगेच त्यांनी विचारलं, "घरान काय करायचात?" आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं. आम्ही पाच भाऊ, आईला मुलगी नाही, म्हणून धाकट्याला, म्हणजे मला, तिने गोधडी शिवायला शिकवलं होतं. गावाकडे हे मी जिवाच्या करारावर लपवून ठेवलं होतं.

"गोधरी!" नाना टाळी वाजवून उठले. "भांगान शाला भरवू."

भांग म्हणजे प्यायची नव्हे. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा गावातले सगळे पुरुष होड्या घेऊन बाहेर आणि मिठागरातले लोक खाडीचं पाणी आत घ्यायच्या गडबडीत. अष्टमीच्या आसपास पाणी मरगळतं, जाळ्याला काही लागत नाही. त्या दिवसांना भांग म्हणतात. तेव्हा अख्खं गाव घरी असतं आणि नवरा-बायकोंची भांडणंही याच दिवसांत होतात. नानांनी हेरलं होतं की माणसं भांडतात ती हाताला काम नसतं म्हणून. मग त्यांनी भांगाची शाळा काढली. गावदेवीच्या देवळापुढे, एरवी सुकट वाळते त्या जागेत, आजीपासून नातवापर्यंत सगळ्या घराने येऊन बसायचं. एकटा आला तर नाना परत पाठवत. "घरची मानसां कुठं हायेत? शिकून घरान जाशील, मंग भांडशील कोनाशी?"

शिकवायला कोण? तर जो सापडेल तो. आणि सापडायचे बरं का! आमचा धक्का असा, की भांगात त्याला होडी लागण्याइतकं पाणीच चढत नसे. सप्तमीला आलेला पाहुणा दोन-तीन दिवस गावात अडकायचा. मिठागराच्या बांधांवरून चालत जायची सोय होती, पण तो रस्ता नाना पाहुण्याला सांगत नसत.

माझ्या गोधडीच्या वर्गाला गाव लोटलं. बायकांनी टाके झटकन उचलले. तांडेल मंडळींनी मात्र मला जुमानलं नाही. जाळं शिवून पिढ्या गेलेल्या, त्यांची बोटं आपोआप जाळ्याची गाठ मारायची. त्या गोधड्या इतक्या पक्क्या झाल्या, की कापड विरलं तरी गाठी शाबूत. रात्री एखाद्याचा पाय अडकला तर बायको दिवा घेऊन सोडवायला बसायची. पुढे गावात कुणी झोपेतून उशिरा उठलं तर दोष मास्तरांच्या गोधडीला जाऊ लागला.

एकदा एक कल्हईवाला आला. "तुमाला काय येतं?" म्हटल्यावर बिचाऱ्याने सरळ भाता काढून दाखवला. नानांनी त्याला भांगभर बसवून घेतलं. पुढल्या वर्षी तो आला तर घरोघरी भांडी लखलखत होती! धक्क्यावर बसून त्याने कपाळाला हात लावला. नाना म्हणाले, "रडतस काय? आता कथील नि नवसागर आनत जा. येक येक भांडां घासायचास, आता शंभर घरांना माल देशील." तो पुढे नेमाने माल आणू लागला आणि आला की आमच्या बायकांच्या कल्हईला नावं ठेवू लागला.

मुलगी बघायला आलेल्या एका मुलालाही नानांनी सोडलं नाही. त्याला फक्त शीळ घालता येत होती. दोन दिवसांनी गावातल्या म्हाताऱ्या शिळा घालत कोंबड्यांना दाणे टाकू लागल्या. लग्न मात्र जमलं.

सगळ्यांत कहर झाला तो शाळा तपासायला येणाऱ्या डिपुटीसाहेबांच्या वेळी. साहेब पहिल्यांदा आले ते ऐन पुनवेला. शाळेत मी, फळा आणि एक बकरी. मुलं बापांबरोबर होड्यांवर. साहेबांनी माझी इतकी हजेरी घेतली की मला आई आठवली. नाना मध्ये पडले, "साहेब, भांगान या. शाला फुल." साहेबांना वाटलं म्हातारा तर्र आहे. तरी ते सप्तमीला आले, आणि अडकले. नानांनी विचारलं, "तुमाला काय येतं?"

"मी डिपुटी आहे."

"ते जालं. पन येतं काय?"

साहेबांचा चेहरा पाहून मी माझी ट्रंक मनातल्या मनात भरून टाकली. पण दुसऱ्या दिवशी, वाट पाहून कंटाळल्यावर, साहेब हळूच म्हणाले, "मला फेटा उत्तम बांधता येतो. लग्नकार्यात माझ्याशिवाय पान हलत नाही." झालं! तिसऱ्या दिवशी साहेबांना निरोप द्यायला अख्खं गाव फेटे बांधून धक्क्यावर उभं. बाया फेट्यांत, पोरं फेट्यांत, गावदेवीचा पुजारी फेट्यात. सगळ्यांत झकास फेटा हिरूचा. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने नुसतं पाहून बांधला होता. साहेबांनी तिची पाठ थोपटली आणि नानांना विचारलं, "काय हो, सगळ्यांना विचारता, तुम्हाला स्वतःला काय येतं?"

"मना इचारता येतं," नाना म्हणाले.

साहेब हसले. मीही हसलो. मग नानांनी आपला ठरलेला प्रश्न टाकला, "आनखी काय येतं साहेब?" साहेब म्हणाले, आणखी काही नाही. नानांनी एकदा हिरूकडे पाहिलं आणि होडीचा दोर सोडला.

वर्षं अशीच चालली. गावाला काय काय येऊ लागलं! जखमेला पट्टी बांधणं, मोरावळा, बुद्धिबळ, पेटीवर दोन भजनं. हिरू सगळ्या वर्गांना पहिल्या रांगेत. हात चालायचे, तोंड मिटलेलं. दहा-अकरा वर्षांची झाली होती.

आणि एका भांगाच्या तोंडावर मिठागराच्या मुनीमांची बहीण दादरहून चार दिवस हवा खायला आली. कुसुमताई. सुती पातळ, खांद्याला शबनम पिशवी. तिचा एक पाय होडीत असतानाच प्रश्न आला.

"मला?" ताई हसून म्हणाली. "मी मुक्या-बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवते."

धक्क्यावरचे आम्ही सगळे पुढच्या प्रश्नासाठी थांबलो. आनखी काय येतं? प्रश्न आलाच नाही. नाना होडी बांधायच्या खुंटावर खाली बसले आणि त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला. हिरू घाबरून त्यांचा दंड हलवू लागली.

ताईला काही सांगावं लागलं नाही. ती हिरूपुढे उकिडवी बसली, तिचा तळवा उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "बा." हिरूने चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. मग स्वतःहून परत ठेवला.

त्या भांगात दुसरा वर्ग भरला नाही. ताई आणि हिरू देवळाच्या पायरीवर बसायच्या आणि गाव लांबून बघायचं, खोकायचं सुद्धा नाही. शेवटच्या दिवशी ताईने स्वच्छ सांगितलं, दोन-चार दिवसांचं हे काम नाही. मुंबईला शाळा आहे, राहायची सोय आहे. पाठवा.

संध्याकाळी नाना माझ्या खोलीवर आले. "मास्तर, पाठवू?"

मी म्हटलं, "नाना, तुम्ही एकटे पडाल."

"त्यो इचारला नाय. पाठवू?"

"पाठवा," मी म्हटलं.

नाना जायला उठले आणि दारात थांबले. मग म्हणाले, "गावाला वाटतं हासू शाला चालवतं. मी कसली शाला चालवतंय! मी जालं टाकलेलं मास्तर. येकाच मासलीसाठी. बाकी जी घावली ती गावाला जाली."

इतकी वर्षं मी त्या जाळ्यात बसून गोधड्या शिवत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

हिरू गेली. पुढच्या भांगाआधी एक जमीन मोजणारे गृहस्थ उतरले. नाना खुंटावर बसून होते, पण त्यांनी मान वर केली नाही. गृहस्थ निघून चालले. तेव्हा मासळीची पाटी घेऊन उभी असलेली म्हातारी गोमीआजी पुढे झाली आणि नानांच्याच आवाजात गरजली, "काय रं, तुला काय येतं?" गृहस्थांना पतंग करता येत होते. नाना त्या वर्गाला आले नाहीत, पण एक पतंग मागून नेला आणि घरात टांगून ठेवला.

दिवाळीला हिरू येणार असा निरोप आला. धनत्रयोदशीला, सकाळच्या भरतीला. खाडीकाठी गणित सोपं असतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, त्रयोदशीची पावणेदहा. नानांनी ते दिवसातून दहादा केलं आणि दहादा बरोबर आलं. आम्ही सगळे दहाच्या आत धक्क्यावर. पण मुंबईहून उरणच्या मोरा बंदरात येणारी लाँच उशिरा आली, तिथून पुढची होडी उशिरा निघाली, आणि होडी नजरेत आली तोवर पाणी उतरायला लागलं होतं. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर ती चिखलात बसली. आता थेट रात्रीची भरती.

ज्या उथळ पाण्याने इतकी वर्षं नानांना पाहुणे पकडून दिले, ते त्या दिवशी त्यांच्यावरच उलटलं.

"थांब! पुढच्या भरतीला!" नाना दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले. कुणाला ओरडत होते? जिला ऐकू येत नव्हतं तिला. कुणी हसलं नाही.

हिरूने नवा निळा फ्रॉक घातला होता. तिने तो गुडघ्यावर खोचला आणि होडीतून उडी टाकली. मांडीएवढा चिखल. तिला यायला वेळ लागणार हे पाहून नानाही धक्क्यावरून उतरले. गुडघे दुखणारा म्हातारा माणूस, पण कुणाचा हात घेतला नाही. दोघं मध्येच भेटली.

हिरूने त्यांचा हात धरला, चिखलाने माखलेला तो तळवा आपल्या गळ्यावर दाबला आणि जाड, ओबडधोबड, न वापरलेल्या आवाजात म्हणाली, "बा."

आम्हाला धक्क्यावर ऐकू आलं. गोमीआजीने पदर तोंडात धरला.

मग हिरूने आपला हात नानांच्या गळ्यावर ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिला आता त्यांचं उत्तर हवं होतं. गावात आलेल्या एकूण एक माणसाला बोलतं करणारे हासूनाना, त्यांच्या गळ्यातून शब्द फुटेना. ओठ नुसते हलत होते. तिने मान हलवली, हे चालणार नाही अशी, आणि हात तसाच ठेवला. पाणी आणखी उतरलं. आम्ही कुणी हललो नाही.

शेवटी नानांनी विचारलं, "आनखी... आनखी काय येतं?"

तो आवाज तळव्याला लागला तशी हिरू हसली.

आता मी सीवूड्सला मुलीकडे असतो. आमच्या सोसायटीच्या फलकावर दर उन्हाळ्यात शिबिरांच्या जाहिराती लागतात. पोहणं, बुद्धिबळ, चित्रकला. मुलांना आत सोडून आईबाप बाहेर बाकावर मोबाइल बघत बसतात. मी खाली उतरलो की त्यांच्यातला एखादा ओळखीपुरता हसतो. नाव विचारावं, फ्लॅट नंबर विचारावा, अशी इथली रीत आहे. पण माझ्या तोंडून दुसराच प्रश्न निघतो. लोक आधी गोंधळतात, मग फोन खाली ठेवतात आणि विचारात पडतात.