निकम सरांची वानरं

आळीत भांडण लागलं की निकम सर आधी घड्याळ बघायचे. नळावर दोन बायका कडाकडा भांडत असल्या तर बाकीचे सोडवायला जायचे, निदान ऐकायला तरी. सर खिशातली वही काढून समोरच्या कट्ट्यावर बसायचे. "आधी आवाज कुणी चढवला?" एवढंच विचारायचे. एकदा सावंतकाकूंनी चिडून त्यांच्यावरच कळशी उगारली, तर सरांनी तीही वेळ लिहून घेतली.

सर वाईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी पोस्टात कारकून; आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. वानरं आपापसांत का मारामारी करतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. कृष्णेच्या घाटावर वानरांची एक टोळी होती. रोज सकाळी सर छत्री घेऊन तिथे जायचे. कोण कुणावर धावलं, माघार कुणी घेतली, सगळं वहीत. वानरांना नावं नव्हती, नंबर होते.

"नाव ठेवलं की माया लागते, कुलकर्णी," ते मला सांगायचे. "आणि बघणाऱ्याने मध्ये पडायचं नाही."

घाटावरचे गुरुजी एकदा म्हणाले, "अहो, देवाचं रूप ते. त्याची कसली मारामारी बघता?"

"देवाचं असेल," सर म्हणाले, "पण कानफटात फार मारतं."

घरी सर एकटेच असायचे. बायको आष्ट्याला माहेरी असते, याच्यापलीकडे आळीत कुणाला काही ठाऊक नव्हतं.

एका उन्हाळ्यात टोळीत नवा नर शिरला आणि त्याने जुन्या नराला पिटाळून लावलं. सर मला शांतपणे म्हणाले, "आता हा तान्ही पिल्लं मारील. जुन्याची पिल्लं गेली की माद्यांना लवकर याची पिल्लं होतात." मला ते ऐकवेना.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर घाटावर होतो. तो नर सात नंबरच्या मादीवर धावला. पिल्लू पोटाशी धरून ती देवळाच्या ओवरीत शिरली, आणि तिथे कोपऱ्यात अडकली. सर लिहीत होते. मग त्यांच्या हातातून वही पडली. छत्री फिरवत, ओरडत, एक चप्पल पायरीवरच टाकून सर त्या नराच्या अंगावर गेले. नराने त्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला, पिल्लू हिसकावून त्यालाही चावे घेतले आणि ते तिथेच टाकलं. दुपारपर्यंत ते मेलं. आई त्याला उराशी धरूनच फिरत राहिली.

दवाखान्यात पोटातलं पहिलं इंजेक्शन घेऊन सर बाकावर बसले आणि भिंतीकडे बघत बोलायला लागले.

"माझ्या थोरल्या भावाने हिला, माझ्या बायकोला, मारलं होतं. स्वयंपाकघरात. मी दारात उभा होतो, कुलकर्णी. नुसता उभा होतो." मग म्हणाले, "आष्ट्याला याल का माझ्याबरोबर?"

दोन दिवसांनी साताऱ्याला गाडी बदलून आम्ही आष्ट्याला गेलो. मेव्हणा अंगणात होता. "या दाजी. लय दिसांनी आलासा," म्हणाला आणि बहिणीला हाक मारून गोठ्याकडे निघून गेला. वहिनी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन बाहेर आल्या. सरांच्या हाताकडे बघून थांबल्या.

"काय झालं?"

सरांनी सगळं सांगितलं. वहिनी शेंगा फोडत ऐकत होत्या.

"पिल्लू वाचलं का?"

"नाही."

"माझ्या वेळंला तुमी जागचं हललाबी न्हाईसा." आवाजात राग नव्हता.

"हो," सर म्हणाले. "भ्यालो होतो. भावाला नाही. तुझी बाजू घेतली तर घर मोडेल, याला."

"ते मोडलंच की."

प्रवासात सरांची पट्टी सैल झाली होती. वहिनींनी सूप बाजूला ठेवलं, हात धुऊन आल्या आणि ती सोडून पुन्हा बांधायला लागल्या.

त्या वाईला परत आल्या नाहीत. पण त्या दुपारी पट्टीची गाठ मारून झाली तरी सरांनी हात मागे घेतला नाही, आणि वहिनींनीही तो लगेच सोडला नाही.