गेरूचा ठिपका

दर रविवारी सकाळी बागेत नेण्याआधी बिरूआबा आपल्या नातवंडांच्या पाठीवर गेरूचा एकेक ठिपका लावीत असत. शर्ट जुना असो वा कालच शिवलेला, ठिपका चुकत नसे.

औरंगपुऱ्यातल्या चाळीत ते माझे शेजारी. त्यांचे सारे आयुष्य कन्नडजवळच्या डोंगरात मेंढरांमागे गेले. मुलगा वाळूजच्या कारखान्यात लागला, तेव्हा मेंढरे विकून ते शहरात आले. मेंढरे गेली, रीत राहिली. दुसऱ्याच्या कळपात मिसळलेले मेंढरू रंगावरून ओळखू येते, तर बागेतल्या गर्दीत नातवंडही ओळखू यावे, असा त्यांचा तर्क. मी शिक्षक असल्यामुळे त्यात दोष शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. सापडला नाही.

"आवं सर, तुमच्या साळंत बिल्ले लावत्यात ना? त्यो पितळंचा, ह्यो मातीचा."

"आणि कपडे कोण धुणार?" सूनबाई आतून विचारीत.

"पाऊस पडंल की!"

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद, परवा संचारबंदी. म्हणून सूनबाईंनी हिमायत बागेला परवानगी दिली ती एका अटीवर. "एक जरी हरवलं, तर बाग बंद. पुन्हा नाव काढायचं नाय." आबांनी ही अट फार मनाला लावून घेतली होती. सगळ्या आठवड्यात त्यांच्या पायांना माती लागे ती तेवढ्या एका सकाळी.

शेजारच्या खोलीतल्या मिलिंदचे वडील मोर्चात पहिल्या रांगेत असत. त्यामुळे चाळीतल्या काहींनी त्या घराशी बोलणे टाकले होते. आबांनी मात्र मिलिंदच्या पाठीवरही ठिपका लावला.

"आबा, ते पोरगं तुमचं नाय," कुणीतरी सुनावले.

"आता लावला की राव! पुसू कसा? गेरू लई धरतो."

मग वरात निघे. पुढे थोरली नात मंगल, मध्ये पोरे, मागे खांद्यावर घोंगडी टाकलेले आबा आणि सर्वांत शेवटी, छत्री घेऊन, मी. दिल्ली दरवाज्याशी रिक्षावाले ओरडत, "चाचा, पूरी स्कूल उठाके लाए क्या?"

"स्कूल नाय, कळप हाय!" आबा काठी उंचावून सांगत. "मास्तर बी कळपातलाच हाय!"

बागेत मी मुलांना माहिती देत असे. ही बाग मोगल काळातली, हे जुने हौद, हे पाणी खेळवण्याचे मार्ग. आबा लक्षपूर्वक ऐकत आणि अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न विचारीत.

"बादशा मेंढरं राखत व्हता का, सर?"

"नाही."

"मग एवढी सावली कुणासाठी केली?"

पोरे गवतावर लोळून हसत. निघायची वेळ झाली की आबा जिभेखाली दोन बोटे घालून शीळ घालीत, आणि आपलीच नव्हे तर बागेतली यच्चयावत पोरे धावत येत. एकदा बंदोबस्तावरचा पोलीसही धावत आला. आबांनी त्याला रांगेत बसवून शेंगदाणे दिले. त्याने ते खाल्ले.

असाच एक रविवार. पोरे लपाछपी खेळून दमली, आंब्याखाली आपणहून गोळा झाली, तरी शीळ आली नाही. ठिपके सगळे हजर. आबांच्या वहाणा आंब्याखाली, घोंगडी वहाणांवर, आबा नाहीत.

"सर, आबा हरवले!" मंगल म्हणाली.

धाकट्या बाळूने भोकाड पसरले. "आता आय बाग बंद करणार!"

मंगलने बोटे जिभेखाली घालून शीळ घातली. बागेतली सगळी पोरे आली. आबा आले नाहीत.

आम्ही धावतच फाटकाबाहेर पडलो. हर्सूलच्या वाटेने मेंढरांचा एक कळप चालला होता. त्याच्या मधोमध, अनवाणी, एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून बिरूआबा चालले होते. तिच्याशी काहीतरी बोलत होते. मेंढपाळ गोंधळून आमच्याकडे पाहू लागला.

"हे म्हातारबा कुणाचे हायेत वो? मघापासनं मागं मागं येऊ लागलेत."

"आमचे!" मिलिंद सर्वांच्या आधी ओरडला.

आबा थबकले. त्यांनी मेंढीच्या पाठीवरचा हात हळूच उचलला. "पाय गेले, सर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्या नाय गेलो."

आबांच्याच कमरेच्या पिशवीतून मंगलने गेरूचा खडा काढला, थुंकीने भिजवला आणि त्यांना कडेच्या दगडावर बसवले. "आबा, हलू नका." आबा मान खाली घालून अगदी शहाण्या मेंढरासारखे बसून राहिले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, दोन खांद्यांच्या मधोमध, ठसठशीत ठिपका उमटला.

घरी सूनबाई दारातच उभ्या होत्या. "समदे हायेत? कुणी हरवलं नाय ना?"

"कुणीच नाय!" पोरे एका सुरात म्हणाली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी चाळीच्या दोरीवर पोरांचे शर्ट ओळीने वाळत होते. आबांचा सदरा तेवढा नव्हता. तो अंगातच ठेवून ते ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसले होते.

"मामंजी, सदरा द्या की, धुवायला टाकते," सूनबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"राहू दे," आबा भिंतीला आणखी चिकटून बसत म्हणाले. "अजून मळला नाय."