फुग्याची भूक

घरचा गॅस सिलिंडर परत करून टाकण्याचा निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला. (एरवी मी बायकोला विचारून घेतो. म्हणून ते निर्णय बरोबर ठरतात.)

गच्चीवर टाकी बसवली. खरकटं, साली, देठं त्यात ओतायची. आतले जंतू ते खाणार, वरच्या रबरी फुग्यात गॅस जमणार आणि नळीनं खाली शेगडीत येणार. सासरे जन्मभर बॉयलरवर काम केलेले. आगीबद्दल त्यांचा शब्द शेवटचा, माझ्याबद्दलही. ("मुलगा निरुपद्रवी आहे," ही त्यांनी लग्नात केलेली माझी स्तुती.) त्यांना मी फोनवर सांगून बसलो, "रविवारी या. घरच्या गॅसवर जेवण!"

बायको त्यांना आणायला गेली. जाताना म्हणाली, "सामान भरून ठेवलंय. तुम्ही फक्त टाकीकडे बघा."

बघितलं. फुगा ओल्या गोणपाटासारखा पडलेला. बायकोचा संसार असा काटकसरीचा, की घरात टाकाऊ म्हणून मी एकटाच! शेजारणीकडे साली मागायला गेलो, तर तिनं डोळ्यांत पाणी आणून माझ्यापुढे भरलेलं ताट ठेवलं. "भावोजी, वहिनी परत कधी येणार हो?"

शेवटी घरातलेच दोन बटाटे किसून टाकले. फुगा किंचित हलला. मग पाव. मग साखर. घटकाघटकाला गच्चीवर जाऊन मी त्याच्या पोटावर टिचक्या मारत होतो. शनिवारी संध्याकाळी तो टम्म फुगला, तेव्हा कुठे मला घास गेला. (शेजारणीकडचा.)

रविवारी सासरे शेगडीसमोर खुर्ची टाकून बसले. मी काडी ओढली.

"जावईबापू, पडद्यापासून लांब."

भप्प! निळीशार ज्योत. सासरे चक्क उठून उभे राहिले. "शाब्बास!"

"थांबा, कुकर चढवते," म्हणत बायकोनं डबा उघडला. मग दुसरा. मग तिसरा.

"अहो, तांदूळ?"

मी छताकडे पाहिलं.

"बटाटे?"

मी छताकडेच पाहत राहिलो.

"कणीक तरी?"

"सगळं... शेगडीत आहे," मी ज्योतीकडे बोट दाखवलं. "जळतंय."

जेवण अर्थातच शेजारणीकडून आलं. निदान सासऱ्यांना प्यायला गरम पाणी तरी आपल्या गॅसवर, म्हणून मी पातेलं ठेवलं. ज्योत लुकलुकली, आणि गेली. वर फुगा पुन्हा गोणपाटासारखा बसला होता.

सासऱ्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला.

"चव चांगली आहे, जावईबापू. फक्त पाणी जरा कच्चं राहिलं."