नंबर तोच राहील

फोन आणि इंटरनेट दोन्ही नव्या कंपनीकडे न्यायचं, पण घरचा जुना नंबर सोडायचा नाही, असं हेडक्लार्कांनी रविवारी सकाळी दाढी करताना ठरवलं. रेकॉर्ड विभागात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती आणि त्यांच्या हातून आजवर एकही कागद हरवला नव्हता. (दोन कपाटं हरवली होती, पण त्याची चौकशी वेगळी.) तेव्हा सहा आकडे इकडून तिकडे नेणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ.

नंबर सोडायचा नाही, कारण आत्या. परगावी एकटी राहणाऱ्या आत्याला आता फारसं दिसत नसे. पण रोज सकाळी सातला तिची बोटं बटणं चाचपत बरोबर हाच नंबर लावत. दुसरा कुठलाच नंबर तिला पाठ नव्हता.

नव्या कंपनीतल्या मुलीने फोनवर दोनदा बजावलं, की जुनी लाइन तुम्ही बंद करू नका, चालू लाइनवरूनच नंबर आमच्याकडे येतो. हेडक्लार्क तिला हो हो म्हणाले आणि मग बायकोला समजावत बसले, की या पोरींना ऑफिसची शिस्त ठाऊक नसते. एक फाइल बंद केल्याशिवाय दुसरी उघडायचीच नसते.

"पण ती नको म्हणाली ना?" बायकोने विचारलं.

"तू कशाला काळजी करतेस? नंबर तोच राहील."

सोमवारी त्यांनी जुन्या कंपनीत तीन प्रतींत अर्ज दिला. संध्याकाळच्या आत लाइन बंद. आपलं काम इतक्या झटपट झालेलं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. नव्या कंपनीनेही दोन दिवसांत इंटरनेट सुरू केलं आणि फोनला भलताच नंबर दिला. जुना कुठे गेला, असं विचारल्यावर तीच मुलगी शांतपणे म्हणाली, की लाइनच बंद केलीत, आता नंबर आणू कुठून?

आत्याला कळवू या, असं बायको म्हणत होती. पण उद्या-परवाकडे नंबर परत येणार, उगाच म्हातारीच्या जिवाला घोर कशाला, म्हणून हेडक्लार्कांनी तिला थांबवलं.

चौथ्या दिवशी दारात टॅक्सी उभी राहिली. आत्या उतरली, तडक आत आली आणि भाच्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपू लागली.

"आहेस ना रे?"

"आहे की."

"मग ती फोनमधली बाई तीन दिवस अस्तित्वात नाही, अस्तित्वात नाही, असं का म्हणतेय?"

सगळं ऐकून घेतल्यावर आत्याने पिशवी खुंटीला अडकवली आणि नंबर परत येईपर्यंत आपण इथून हलणार नाही, असं जाहीर केलं.

जुन्या कंपनीच्या काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, की बंद झालेला नंबर महिनाभर बाजूला ठेवतात, मग दुसऱ्याला देऊन टाकतात. आधी तो तुमच्या नावावर परत सुरू करा आणि मग हलवा. हेडक्लार्कांनी कारणादाखल चार पानं लिहून नेली. बाईंनी ती न वाचताच परत दिली. फॉर्मवर कारणाला एकच ओळ होती. बराच वेळ पेन हातात धरून शेवटी त्यांनी लिहिलं, 'अर्जदाराच्या चुकीमुळे'. (हे वाक्य त्यांनी आजवर शेकडो फायलींवर लिहिलं होतं, पण दुसऱ्यांबद्दल.)

पुढचे सगळे कागद बायकोने आपल्या ताब्यात घेतले आणि आत्याच्या मुक्कामाच्या एकोणिसाव्या दिवशी जुना नंबर नव्या कंपनीच्या फोनवर वाजला. आत्या समाधानाने आपल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क आंघोळ उरकून पावणेसातलाच फोनपाशी खुर्ची टाकून बसले. सात वाजले. फोन गप्प. तेवढ्यात स्वयंपाकघरात बायकोचा मोबाइल वाजला आणि तिचं आत्याशी बोलणं सुरू झालं. ते चांगलं अर्धा तास चाललं.

"हे काय? तिला तुझा नंबर कुठून मिळाला?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"एकोणीस दिवस बसून पाठ केला त्यांनी."

"आणि मी आणलेला?"

"तो आता असाच राहू दे म्हणाल्या. कुणी हात लावायचा नाही. तुम्ही तर नाहीच नाही."