मंडी इन्क्लुडेड

मंगळवारी सकाळी राजाभाऊ केतकर ऑफिसात पोचले तेव्हा मोबाइलवर अरवा मॅडमचा निरोप येऊन पडला होता. ‘गुरुवारी अकरा वाजता ग्रोथ रिपोर्टची बैठक. चाळीस माणसं. मंडी इन्क्लुडेड. आमंत्रणं तुम्ही बघा.’

सौदी अरेबियात, खमीस मुशैतच्या पलीकडे, डोंगरातल्या एका लहानशा गावच्या परिषदेत राजाभाऊ पुण्याहून कामाला आले होते. अरवा मॅडम तिथल्या विकास विभागाच्या प्रमुख. रिपोर्टचं नाव दोन ओळींचं होतं, पण मतलब एवढाच की भागाची भरभराट व्हावी आणि ती अगदी शेवटच्या माणसापर्यंत पोचावी. कितपत पोचली, हे रियाधहून येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचं होतं. राजाभाऊंचा जीव मात्र वेगळ्याच कागदात अडकला होता. गुरुवारी त्यांचं प्रोबेशन संपत होतं. नोकरी पक्की झाल्याचं पत्र हातात पडलं, तरच मधुमतीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, व्हिसा निघणार होता. नाहीतर बोजाबिस्तरा गुंडाळून पुणं! पक्के शाकाहारी राजाभाऊ तीन महिने खोलीवर स्वतःच्या हातची खिचडी खात होते आणि आता नुसता कुकर दिसला तरी त्यांचे डोळे भरून यायचे.

त्यांनी निरोप पुन्हा वाचला आणि मांडीवर थाप मारली. “वा, मॅडम, वा! याला म्हणतात सगळ्यांना सामावून घेणं! नुसते साहेबलोक नाहीत, तर मंडईसुद्धा धरायची!” आपण मंडई म्हणतो, हिंदीवाले मंडी म्हणतात, इथेही मंडीच म्हणत असणार, यात त्यांना काडीचीही शंका आली नाही. एकदा विचारून घ्यावं असं मनात आलं, पण प्रोबेशनवरच्या माणसानं फार प्रश्न विचारू नयेत म्हणून ते गप्प बसले.

त्यांनी कादिरला हाक मारली. कादिर दापोलीकडचा, वीस वर्षं इथे गाडी चालवणारा, अरबी पाण्यासारखं बोलणारा.

“कादिर, चला बाजारात. सगळ्यांना आमंत्रण द्यायचंय.”

“सगल्यांना? अख्ख्या बाजाराला?”

“वरून लेखी आलंय.”

“लेखी हाय, मग आपल्या बापाचं काय जातंय? यल्ला, चला!”

बाजारात पहिलीच गाठ पडली रुकय्या नावाच्या म्हातारीशी. मध आणि तूप विकणारी ही बाई साऱ्या बाजाराची आजी होती. आमंत्रण ऐकून तिनं भुवया उंचावल्या आणि कादिरला काहीतरी विचारलं.

“ती म्हणते, मंडी हाय काय?” कादिरनं सांगितलं.

“अहो, मंडी आहे म्हणून तर बोलावतोय!” राजाभाऊ हात पसरून म्हणाले.

“सगल्यांना?”

“एकूण एक! एकजण सुटता कामा नये.”

कादिरचा चेहरा जरा काळजीत पडला. “साहेब, पुरंल काय पण?”

“न पुरायला काय झालं? हॉल मोठा आहे. दाटीवाटीनं बसू.”

कादिरनं मान डोलावली आणि भर बाजारात खणखणीत अरबीत दवंडीच पिटली. लोकांनी राजाभाऊंचे हात हातात घेऊन असे काही आशीर्वाद दिले की त्यांना गहिवरून आलं.

गुरुवारी हॉलमध्ये चाळीस खुर्च्या, चाळीस पाण्याच्या बाटल्या आणि चाळीस मोठी माणसं बसली होती. अरवा मॅडम पडद्यासमोर उभ्या होत्या. ‘बाजारातल्या महिलांसाठी वीस गाळे: काम शंभर टक्के पूर्ण’ असं वाचून दाखवत असतानाच बाहेर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. दार उघडलं आणि भाजीवाले, न्हावी, शिंपी, मेंढ्यांचे व्यापारी, बायका, त्यांची पोरंटोरं अशी दोनशे माणसं घुसली. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कुणी काकड्या आणल्या होत्या, कुणी खजूर. रुकय्या मधाची बरणी काखेत मारून थेट पहिल्या रांगेत बसली.

अरवा मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी राजाभाऊंना कोपऱ्यात ओढलं.

“मिस्टर राजा, हे काय?”

“मॅडम, मंडी.”

“काय?”

“मंडी इन्क्लुडेड. तुमचाच निरोप.”

मॅडमनी कपाळावर हात मारला आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथून चौघेजण भातावर रचलेल्या मटणाची भलीमोठी परात घेऊन येत होते. “ती मंडी! भात आणि मटण! चाळीस माणसांचं जेवण!”

रुकय्या काय विचारत होती आणि कादिर कशाच्या काळजीत होता, हे राजाभाऊंना आत्ता लख्ख कळलं. गेला व्हिसा, गेली मधुमती!

एवढ्यात रियाधच्या पाहुण्यांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थ उठले. “ही कोण माणसं?”

कादिर पुढे झाला. “बाजार आहे, शेख. आमंत्रण देऊन बोलावलाय.”

“मी सहा गावांचे रिपोर्ट पाहिले,” पाहुणे म्हणाले. “माणसं आज पहिल्यांदा पाहतोय!” मग ते रुकय्याकडे वळले. “काय आजी, नवे गाळे कसे आहेत?”

“फार सुंदर,” रुकय्या म्हणाली. “रोज बाहेरून बघते. कुलूप तर किती छान आहे!”

“चाव्या कुठे आहेत?” पाहुण्यांनी इंग्रजीत विचारलं.

“माझ्या कपाटात,” राजाभाऊ म्हणाले. “समारंभ ठरायचा होता.”

“समारंभ? मग आत्ता काय चाललंय हे?”

राजाभाऊ शाळकरी पोरासारखे धावत सुटले आणि चाव्यांची पेटी घेऊन आले. पहिली चावी हातात पडताच रुकय्यानं अशी काही आनंदाची किलकारी मारली की पडद्यावरच्या शंभर टक्क्यांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या भट्टीवाल्यानं रोट्यांची चळत आणली, काकड्या चिरल्या गेल्या आणि चाळीसांची मंडी दोनशे चाळीसांनी मिटक्या मारत खाल्ली. राजाभाऊंना मध-रोटी मिळाली. तीन महिन्यांत खिचडी सोडून त्यांनी खाल्लेला हा पहिला घास होता.

पाहुणे गेल्यावर अरवा मॅडमनी एक पाकीट पुढे केलं. “सही सकाळीच केली होती. साडेअकराला फाडणार होते.” आणि मग इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्यांना आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, “खाली एक ओळ वाढवलीय, तीही वाचा.”

राजाभाऊंनी वाचली आणि तिथूनच पुण्याला फोन लावला.

“मधू, झालं! पक्का झालो! तुझा व्हिसा निघणार! आणि ऐक, इथला अख्खा बाजार माझ्या हाताखाली दिलाय!”

“तुमच्या? कोथिंबीर सांगितली की शेपू आणणाऱ्या माणसाच्या?” मधुमती हसत होती की रडत होती, ते कळेना. “येते हो मी, लगेच येते. पण मी येईपर्यंत काही म्हणजे काही विकत घेऊ नका!”